दोन गल्ल्यांवरची बटणं

मी बटणं विकतो. फक्त बटणं. चेन विचारलीत तर समोरच्या बोळाकडे बोट दाखवीन, दोरा विचारलात तर कोपऱ्याकडे, आणि कापड हवं असेल तर मिनीबसने वीस मिनिटांवरच्या मोठ्या बाजारात जा म्हणेन. बिश्केक, म्हणजे आम्हा किरगिझांची राजधानी, जिथे संपतं आणि लोकांनी आपापल्या हातांनी घरं बांधायला सुरुवात केली, तिथे आमची वस्ती आहे. एका घरात शिवतात, दुसऱ्यात काजं करतात, तिसऱ्यात इस्त्री. माझी मेहुणी विचारते, जुमाश, सगळं आयुष्य बटणांत घालवलंस, कंटाळा येत नाही? तिला काय सांगणार. चारशे सत्तर प्रकारची बटणं आहेत माझ्याकडे, आणि दिवा गेला तरी हवं ते मी बोटांनी शोधून देतो. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण न सांगता लोकांच्या लक्षात येत नाही.

पण ही गोष्ट साइराकान एजेची. एजे म्हणजे थोरली बहीण. नात्याने ती माझी कोणी नाही, पण पाच वर्षांनी मोठी आहे आणि ती पाच वर्षं ती मला एक दिवस विसरू देत नाही.

सतरा वर्षांची असताना ती नारिनच्या डोंगरातून शहरात आली आणि कपड्यांच्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागली. तिथे सात वर्षं तिने कोटांना डाव्या बाह्या लावल्या. फक्त डाव्या. उजव्या बाह्यांची बाई वेगळी होती, उमसुन तिचं नाव, दोघींच्या मधे चार मशीनचं अंतर. मग एक दिवस देश बदलला, कारखाना बंद पडला, आणि शेवटच्या पगाराच्या जागी प्रत्येकीला तिची मशीन देऊन घरी पाठवलं. एजेने मशीन बाळगाडीत ठेवली, तीन महिन्यांची मुलगी जिपार पाठीला बांधली, आणि अर्धं शहर चालत तुडवलं. बाळगाडीत मशीनबरोबर कापड बेतायची एक मोठी लोखंडी कैचीही होती. ती मागून घेतली की उचलून आणली, हे मी तीस वर्षं विचारतोय. ती म्हणते, "तुला काय करायचंय, तू बटणं मोज."

घरी येऊन पहिला कोट शिवायला बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला उजवी बाही लावताच येत नाही. सात वर्षांत हाताला एकच वळण पडलेलं. तो कोट काखेत मारून ती उमसुनचं घर शोधत गेली. उमसुन तिच्या घरी तसाच एक कोट मांडीवर घेऊन बसली होती, उजवी बाही लावून झालेली, डावीशी झगडा चाललेला. दोघी इतक्या हसल्या की पाठीवरची जिपार रडायला लागली. त्या दिवसापासून दोघी एकत्र शिवतात. आज एजेच्या अंगणातल्या लांब खोलीत चौदा बायका बसतात, आणि उमसुन अजून खिडकीखालची जागा कोणाला देत नाही.

ह्या चौदा जणींचं पोट मुख्यतः एका गिऱ्हाइकावर चालतं. रिम्मा अर्काद्येव्ना. सायबेरियात, नोवोसिबिर्स्कला तिची दुकानं आहेत. सात वर्षं ती शाळेचे फ्रॉक आमच्याकडून शिवून घेते, दर महिन्याला बाराशे. कापड चीनहून आमच्या बाजारात येतं, फ्रॉक आमच्या वस्तीत होतो, मालाच्या ट्रकमधून दोन हजार किलोमीटर जातो, आणि तरी तिला तिच्याच शहरात शिवलेल्या फ्रॉकपेक्षा निम्म्या किमतीत पडतो. सात वर्षं ह्याचं तिला काही वाटलं नाही. मग तिला एक भागीदार मिळाला आणि त्याला वाटायला लागलं.

भागीदाराने तिथेच शिवणखाना काढला. नव्या कोऱ्या मशीन, पांढरेशुभ्र दिवे. पण फ्रॉक काही स्वस्त होईना. तेव्हा तो म्हणाला, तिकडची माणसं लबाडी करतात, दोऱ्यात नाहीतर शिवणीत. इतक्या कमी पैशांत सरळ काम होतच नाही. रिम्माने फोन करून हे जसंच्या तसं एजेला सांगितलं, एवढा तिचा सरळपणा. म्हणाली, "मी येते आणि एक फ्रॉक कापडापासून पोत्यापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघते. मग ठरवते, ऑर्डर तुम्हाला द्यायची की त्याला."

मला त्या भागीदाराचा असा राग आला की दिवसभर गिऱ्हाइकांशी धड बोललो नाही.

एजेला मात्र राग नाही, काळजी होती. तिचं कारण मला ठाऊक होतं. जिपार आठ वर्षं मॉस्कोला एका किराणा दुकानात गल्ल्यावर बसली. आईला मुलगी दिसायची ती फोनवर. ह्या वसंतात ती नवऱ्याला आणि दहा महिन्यांच्या मुलाला, बायेलला, घेऊन परत आली, का, तर आईचं काम आता बारमाही आहे म्हणून. ती काजाच्या मशीनवर बसते, नवरा इस्त्रीच्या टेबलाशी उभा असतो. ऑर्डर गेली तर निम्म्या बायकांना घरी बसवावं लागणार, आणि जिपारने आईला तोंडावर सांगितलं होतं, "अपा, मॉस्कोच्या मॅनेजरने महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवलीय. इथे काम नसेल तर मी बसून नाही राहणार." बायेल अर्थातच आईबरोबर जाणार. त्या आठवड्यात एजे नमुन्याची बटणं न्यायला आली आणि मी सांगितलेली किंमत मुकाट्याने देऊन गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी घाबरलो.

त्यात रिम्माने येण्याचा वार कळवला तो शनिवार. आणि शनिवारी बायेलचा दोरा कापायचा होता. पोर उभं राहायला लागलं की आमच्याकडे त्याचे पाय काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने सैलसर बांधतात, पाहुणे धावतात, जो पहिला पोचेल तो सुरीने दोरा कापतो, आणि पोर पुढे त्याच्या चालीने चालतं म्हणतात. अख्ख्या वस्तीला आमंत्रण गेलं होतं. मी म्हटलं, "एजे, पुढच्या शनिवारी कर."

"माणसांना बोलावलंय जुमाश. माणसं म्हणजे काय मिनीबस आहे, ही गेली तर पुढची येईल?"

"आणि रिम्मा आली की तिला काय दाखवणार? कुलूप?"

"तिला चहा देणार."

शनिवारी अकरा वाजता टॅक्सी आली. रिम्मा अर्काद्येव्ना उतरली, उंच बाई, पन्नाशीची, पायात टाचांचे बूट, हातात दोन फ्रॉकची पिशवी. फाटकातून आत बघते तर अंगणात साठ-सत्तर माणसं, चुलीवर पुलावाची कढई, बोर्सोकचे कणकेचे तुकडे तळल्याचा वास, आणि शिवणखान्याच्या दाराला खरोखरच कुलूप. तिचा चेहरा पडला.

"साइराकान, मी उद्या सकाळच्या विमानाने जाणार आहे. मला काम बघायचं होतं."

"बघाल की. आधी बसा, भाकरीचा तुकडा तोंडात घाला. आमच्याकडे दारातून उपाशी परत जात नाहीत."

रिम्माने उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "एकच फ्रॉक. माझ्यासमोर. नाहीतर मला त्याचं म्हणणं खरं धरावं लागेल."

एजेने अंगणावर नजर फिरवली. काय तिच्या मनात आलं ते मला नंतर कळलं, तेव्हा नुसती दिसली ती तिची हनुवटी वर गेलेली. तिने कुलूप काढलं आणि हाका मारायला लागली. बेतणारा मास्तर पुलाव वाढत होता, तो हात धुऊन आला आणि खडूने आखायला लागला. उमसुन खिडकीखाली बसली. पहिली शिवण घालते न घालते तोच तिच्या मशीनचा पट्टा तुटला. रिम्माने घड्याळ बघितलं. मेकॅनिक बोर्सोक चावत आत आला, खिशातून पट्टा काढला, बसवला, आणि तोंडातला घास संपायच्या आत बाहेर गेला.

"हा इथे कसा काय?" रिम्माने विचारलं.

"जेवायला बोलावलंय," एजे म्हणाली.

"आमचा मेकॅनिक नदीपलीकडे राहतो. मंगळवारी सांगितलं तर शुक्रवारी येतो."

मग चेन आखूड निघाली. दोन बोटं कमी. समोरच्या बोळातला चेनवाला अंगणात म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसला होता. सपाता फटफटत गेला आणि लांब चेन घेऊन आला. सात मिनिटं, रिम्माने स्वतः मोजली. तिच्या भागीदाराकडे असं झालं की चेनचा सबंध खोका मागवावा लागतो, दुसऱ्या शहरातून, आणि तोवर सहा बायका पगारी बसून असतात. बटणं माझी. मी खिशात घेऊनच आलो होतो. काळी, चार भोकांची, फ्रॉकला सहा आणि एक जास्तीचं. रिम्माने त्या जास्तीच्या बटणाचा भाव विचारला, मी सांगितलं ते बोनस, एजेसारखी माणसं तीस वर्षं डोकं खातात तेव्हा द्यावं लागतं.

पण रिम्मा नुसती हसून सोडणारी बाई नव्हे. तिने उमसुनला सरळ विचारलं, एका फ्रॉकच्या शिलाईचे किती मिळतात. उमसुनने एजेकडे बघितलं आणि खरा आकडा सांगितला.

"माझ्याकडच्या बाईला मी ह्याच्या तिप्पट देते," रिम्मा म्हणाली. म्हणताना तिला बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

"द्यावेच लागतील," एजे म्हणाली. "तिला घरभाडं आहे, दोन बसांचं भाडं आहे, पोर सांभाळायला पैसे आहेत, सात महिने घर तापवायचं आहे. ही दहा घरांवर राहते. घर हिचं, बटाटे अंगणातले, नातवाला हिची जाऊ बघते. म्हणून हिचं एवढ्यात भागतं. कसंबसं, पण भागतं. तुम्ही तिप्पट दिलेत तर ही नको म्हणणार नाही."

"मी तर आत्ताच हो म्हणते," उमसुन म्हणाली, मान वर न करता.

इस्त्री होऊन फ्रॉक रिम्माच्या हातात पडला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. तिने तो खिडकीशी नेला, उलटा केला, शिवणी बोटांनी चाचपल्या. पिशवीतला, भागीदाराकडचा फ्रॉक शेजारी धरला. दोऱ्याचं कोडं तिच्या मनातून गेलं नव्हतं. चांगला दोरा आणि हलका दोरा पहिल्या दिवशी सारखेच दिसतात, फरक कळतो तो सहा महिन्यांनी, पोरं शाळेत हुंदडल्यावर. एजेलाही ते कळत होतं आणि ह्यावर दाखवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

बाहेरून आरोळ्या यायला लागल्या. शर्यतीची वेळ झाली होती. बायेलला गालिच्यावर उभं केलं, जिपारने मागून काखेत धरलं, पाय बांधले. आधी मुलं धावली, गंमत म्हणून. दोरा कापायचा मान बायकांच्या शर्यतीचा ठरला होता. उमसुनने रिम्माचा हात धरला आणि नळाच्या चौथऱ्यापाशी, रांगेत नेऊन उभी केली.

"मी? ह्या बुटांत?"

"मग काढा."

तिने काढले. आमच्या बायका वर्षभर खुर्चीत बसून शिवतात, गुडघे कुरकुरतात, आणि रिम्मा लहानपणापासून सायबेरियाच्या बर्फात स्कीवरून शाळेत गेलेली. पायमोज्यांत अशी सुटली की मास्तरच्या हातातली पुलावाची थाळी वाचली ती नशिबाने. उमसुन दुसरी आली, बऱ्याच वेळाने. म्हातारे म्हणाले, पोरगं आता नोवोसिबिर्स्कपर्यंत न थांबता चालणार. एजे हसली नाही. तिला ते नोवोसिबिर्स्क आणि मॉस्को एकाच दिशेला वाटत होतं.

रिम्माच्या हातात सुरी दिली. ती वाकली, दोऱ्यावर पातं ठेवलं आणि ओढलं. दोरा तुटेना. पुन्हा ओढलं. पातं दोऱ्यावरून घसरत होतं. सुरीने सकाळपासून मांस कापलं होतं, धार गेली होती, हे खरं. पण कितीही झालं तरी तो दोराच. बायेलला खेळ वाटला, तो खिदळायला लागला, मग कंटाळला आणि बसायला बघू लागला. पोर बांधलेलं तसंच, सत्तर माणसं बघतायत. शेजारची म्हातारी पुटपुटली, अपशकुन आहे. जिपार पांढरी पडली.

"हा दोरा कुठला?" म्हातारीने विचारलं. "लोकरीचा हवा. लोकर कुठाय?"

उमसुनचा चेहरा लाल झाला. "लोकर नव्हती घरात. मी रिळांवरचा घेतला. एक काळा, एक पांढरा, चार पदरी वळला."

"लोकर नव्हती! किरगिझाच्या घरात लोकर नव्हती!"

"दिवसभर शिवते मी, मेंढ्या नाही राखत."

आमच्या वस्तीतल्या बायकाच ही चूक करणार. डोंगरातल्या कुठल्याही घरात कोपऱ्यातल्या लोकरीचा धागा ओढून घेतला असता आणि तो नुसत्या नखाने तुटला असता.

रिम्मा अजून गुडघ्यांवर बसली होती. तिने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं, पीळ उलगडला, एक पदर सुटा केला, दोन्ही हातांनी ओढला. तुटला नाही. बोटांवर वळ उठला.

"कुठल्या रिळांवरचा?" तिने उमसुनला विचारलं.

"तुमच्याच. फ्रॉकच्या. दुसरी रिळं आमच्याकडे नाहीतच."

रिम्माने बोटांवरचा वळ बघितला, दोरा बघितला. मग हसायला लागली. अशी की डोळ्यांत पाणी आलं, सुरी बाजूला ठेवावी लागली. "ह्या दोऱ्यात लबाडी करता म्हणे तुम्ही," ती म्हणाली.

एजे खोलीत गेली आणि ती कैची घेऊन आली, कारखान्यातली, लोखंडी. रिम्माने दोन्ही हातांनी धरून एकदाच दाबली. दोरा कापला गेला. बायेल दोन पावलं चालला, तिच्या अंगावर पडला, आणि तिच्या गळ्यातली माळ त्याने तोंडात घातली. सगळ्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

निघताना फाटकापाशी रिम्माने एजेला बाजूला घेतलं. मी बाजूलाच होतो, मला कोणी जा म्हटलं नाही.

"माझ्याबरोबर चला, साइराकान. तीन वर्षं. तिथला शिवणखाना तुमच्या हातात देते. इथल्या चौपट मिळतील. मुलीलाही घ्या."

मला वाटलं, आता संपलं. मुलगी जवळ राहील, पैसा येईल, कोण नाही म्हणेल.

"मी कारखान्यात सात वर्षं डाव्या बाह्या लावल्या," एजे म्हणाली. "उजवी मला येत नव्हती. उमसुन भेटली म्हणून कोट झाला. मग हा मास्तर, तो चेनवाला, मेकॅनिक, आणि हा एक," तिने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता अंगठा केला. "आज सगळे तुमच्यासमोर जेवत होते. तुम्ही मला एकटीला उचलून नेलंत, तर मी परत डाव्या बाहीची बाई होईन. चौपट देऊन तुम्हाला अर्धाच कोट मिळेल."

रिम्माने वळून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याच्याशी बोलते. सोमवारी सकाळी फोन करते. दर तोच ना?"

"थोडा वाढवा. दोरा बघितलात."

"तुम्ही लबाड आहातच," रिम्मा म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी मी आठ वाजता दुकान उघडलं. काळी, चार भोकांची बटणं मी शनिवारीच काढून ठेवली होती, सात हजार दोनशे, आणि बोनसची वेगळी. कोणी विचारलं असतं तर साफसफाई करतोय म्हटलं असतं. दहा वाजले. चेनवाला दोनदा येऊन डोकावून गेला, काही कळलं का म्हणून. मी त्याला कामाला जा म्हटलं. साडेदहाला दोरेवाला. त्यालाही.

अकरा वाजून गेल्यावर गल्लीच्या टोकाला जिपार दिसली. इतकी हळू चालत होती की मला कळेना, बातमी चांगली असलेली माणसं अशी चालतात का. मग ती गाड्यामागून बाहेर आली आणि तिच्या बोटाला धरलेला बायेल दिसला. दर चार पावलांनी बसत होता, उठत होता. उचलू देत नव्हता.

दारात येऊन जिपार दम घेत उभी राहिली.

"जुमाश आके, अपाने सांगितलंय, बटणं दे. आणि म्हणाली, भाव खाली आण, गेल्या खेपेला लुबाडलंस."

"आणि ह्याला कडेवर का नाही घेतलंस? दोन गल्ल्या आहेत."

"घराच्या दारापासून चालत आलाय," जिपार म्हणाली. "रस्ता ओळखीचा व्हायला नको का त्याच्या?"